धाकटीची ‘थोडी’ पाळी, थोरलीची ‘मोकळी’ पाळी : स्राव मोजण्याचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण कोल्हापूर शहराला लागून असलेल्या, करवीर तालुक्यातील एका एकत्र कुटुंबातील आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. घरात सासू, दोन मुलगे, दोन सुना आणि थोरलीची दोन मुले. थोरली जाऊ ३८ वर्षांची. घरच्या म्हशींचे धारा-शेण तिच्याकडे, आणि सकाळ-संध्याकाळ दूध संस्थेत दूध घालायलाही तीच जाते. धाकटी जाऊ २७ वर्षांची. शहरातील एका पतसंस्थेत लेखनिक आहे आणि रोज केएमटीच्या बसने ये-जा करते. कामाच्या ठिकाणी वापरलेले पॅड टाकण्याची सोय नसल्यामुळे तिने काही महिन्यांपूर्वी पाळीचा स्राव आत गोळा करणारा कप वापरायला सुरुवात केली होती. कपावर मिलिलिटरच्या रेघा असतात. आपल्या अंगावरून किती जाते हे तिला आयुष्यात पहिल्यांदाच आकड्यात दिसले, आणि तो आकडा पाहून ती घाबरली.

आषाढातल्या एका संध्याकाळी ती माझ्याकडे रुग्ण म्हणून आली. चार दिवसांत मिळून तीस मिलिलिटरसुद्धा भरत नाही, हे तिचे म्हणणे. घरी तिने हे थोरलीजवळ बोलून दाखवले होते आणि ते सासूबाईंच्या कानावर गेले होते. त्यांचे मत ठाम होते : “एवढुशी पाळी म्हणजे विटाळ आतच साठतोय.” लग्नाला दीड वर्ष झाले, अजून दिवस राहिले नाहीत, याचा संबंधही त्यांनी तिथेच जोडला होता. पाळी ‘साफ’ व्हावी म्हणून एक काढा सुरू झाला होता. बोलता बोलता धाकटी म्हणाली, “आमच्या ताईंचं बघा, कसं मोकळं जातं. त्यांना कसला त्रास नाही.” त्या घरात निरोगी पाळीचे माप थोरली होती. हे वाक्य मी त्या दिवशी वहीत लिहून ठेवले, पण त्याचा अर्थ मला लागायला वेळ लागला.

प्रश्न

वरवर पाहता प्रश्न सोपा होता : धाकटीची पाळी प्रमाणापेक्षा कमी आहे का? पण ‘प्रमाण’ कुठून आणायचे, हा त्याच्या पोटातला प्रश्न होता. आपण आज जे आकडे वापरतो त्यांचा पाया स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे हॉलबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९६६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आहे. त्यांनी रुग्णालयात आलेल्या नव्हे, तर शहरातून निवडलेल्या ४७६ मुली व स्त्रियांचा स्राव प्रत्यक्ष मोजला. एका पाळीत जाणारे रक्त सरासरी ४० मिलिलिटरच्या आसपास निघाले, निम्म्या स्त्रियांचे त्याहूनही कमी, आणि ८० मिलिलिटरच्या पुढे गेलेल्यांमध्ये रक्तक्षय स्पष्टपणे जास्त दिसला. पुस्तकातली ८० ची रेघ तिथून आलेली आहे. त्या अभ्यासातील दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते : ज्यांचे रक्त ८० मिलिलिटरहून अधिक जात होते त्यांपैकी सुमारे ४० टक्के स्त्रियांना आपली पाळी मध्यम किंवा थोडी वाटत होती, तर ज्यांचे ६० च्या आत होते त्यांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा स्त्रिया ती जास्त असल्याचे सांगत होत्या. म्हणजे पाळी ‘जास्त’ की ‘कमी’ हे ज्या बाईला विचारायचे, तिच्याजवळ तुलनेला दुसरी पाळीच नसते. असलीच तर ती आईची, बहिणीची किंवा जावेची, आणि तीही ऐकीव.

यात आणखी एक गुंता आहे. हॉलबर्ग यांचे आकडे निव्वळ रक्ताचे आहेत. कपात दिसतो तो सगळा स्राव. त्यात रक्ताबरोबर गर्भाशयाच्या अस्तराचे तुकडे, चिकट द्रव आणि पाणीही असते. ऑस्ट्रेलियातील फ्रेझर आणि सहकाऱ्यांनी १९८५ साली दाखवले की एकूण स्रावात रक्ताचा वाटा सरासरी ३६ टक्के असतो आणि तो बाईगणिक फार बदलतो. त्यामुळे कपातले २७ मिलिलिटर हे पुस्तकातल्या ४० च्या शेजारी ठेवणेच चूक. त्यातले रक्त १० ते १४ मिलिलिटर असावे. धाकटीला हे सांगितले तर तिची काळजी वाढलीच असती. पण ५ ते ८० मिलिलिटर रक्त ही दीर्घकाळ मानली गेलेली मर्यादा लक्षात घेतली, तर ती त्यात आरामात बसत होती.

विचारात घेतलेले पर्याय

धाकटीसाठी पहिला पर्याय होता तो नुसता धीर देण्याचा. तिची पाळी सत्तावीस ते तीस दिवसांनी, चार दिवस, आणि सुरुवातीपासून अशीच होती. कमी पाळी खरोखर काळजीची असते ती अचानक कमी झाली तर : क्युरेटिंगनंतर पिशवीत चिकटलेले पडदे, आपल्याकडे विसरून चालणार नाही असा गर्भाशयाचा क्षयरोग, थायरॉइडचे विकार, किंवा गर्भनिरोधक गोळ्या. यातले काहीच तिच्या इतिहासात नव्हते. तरीही नुसत्या शब्दांवर ती परतली असती आणि काढा चालू राहिला असता, असे मला वाटले. तिने आकडा पाहून शंका घेतली होती. उत्तरही आकड्यातच द्यायला हवे होते.

मोजण्याची सर्वांत अचूक रीत रासायनिक आहे. वापरलेले सगळे पॅड पाच टक्के सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात भिजवायचे, त्यात रक्तातल्या हिमोग्लोबिनचे अल्कधर्मी हीमॅटिन होते, त्याचा रंग प्रकाशमापकावर मोजायचा आणि त्याच बाईच्या शिरेतल्या रक्ताशी ताडून पाहायचा. यात फक्त रक्त मोजले जाते, पाणी नव्हे. पण नेहमीच्या प्रयोगशाळांच्या दरपत्रकात ही चाचणी नसते, आणि असती तरी आठवडाभराचे वापरलेले पॅड डब्यात साठवून एकत्र घरातून शहरात आणायला कोण धजेल? संशोधनाची रीत आणि घरातली रीत यांत हे अंतर राहणारच.

दुसरी रीत चित्रतक्त्याची. हायम, ओब्रायन आणि शॉ यांनी १९९० साली मांडलेल्या तक्त्यात प्रत्येक पॅडला किंचित डाग असेल तर १, मध्यम भिजल्यास ५ आणि पूर्ण भिजल्यास २० गुण देतात. गाठींसाठी वेगळे गुण असतात, आणि बेरीज १०० झाली की रक्तस्राव ८० मिलिलिटरच्या पुढे गेल्याचे मानतात. लहान गाठ एक पेनीच्या नाण्याएवढी आणि मोठी गाठ पन्नास पेन्सच्या नाण्याएवढी, असे मूळ माप आहे. आम्ही त्याऐवजी एक रुपया आणि दहा रुपये म्हटले. हा तक्ता त्या काळच्या पॅडवर बेतलेला आहे हे ध्यानात ठेवावे लागते, कारण आजच्या जेलच्या पॅडचा वरचा थर बराच स्राव शोषूनही कोरडा दिसतो.

तिसरी रीत वजनाची. कोरड्या पॅडचे वजन, वापरलेल्या पॅडचे वजन, आणि मधला फरक. एक ग्रॅम म्हणजे जवळजवळ एक मिलिलिटर. यातही एकूण स्रावच मिळतो, पण ही रीत नजरेवर अवलंबून नाही. कप वापरणाऱ्या धाकटीला तर वजनाचीही गरज नव्हती.

पॅडच्या संख्येवरून अंदाज बांधण्याचा मार्ग मी मुद्दाम सोडला. कपाआधी धाकटी दिवसाला चार पॅड वापरत असे, कारण डाग पडला की तिला चैन पडत नसे. थोरली जुन्या सुती लुगड्याच्या घड्या वापरत होती आणि दिवसातून दोनदा बदलत होती. नुसती मोजदाद केली असती तर जास्त पाळी धाकटीची ठरली असती.

पहिला निर्णय : थोरलीला मोजायचे का

धाकटीने दोन पाळ्यांचे आकडे आणले : २७ आणि ३१ मिलिलिटर. हिमोग्लोबिन १२.६, फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचे माप) ३४. तिच्यापुरता प्रश्न संपला होता. पण तुलनेचे माप म्हणून जी उभी होती ती थोरली अजून कुणीच तपासली नव्हती. ती माझी रुग्ण नव्हती. तिची काही तक्रारही नव्हती. न मागता एखाद्या बाईला ‘तुमची पाळी मोजू या’ म्हणणे हे घरातल्या दोन जावांच्या तुलनेत आपणच तेल ओतण्यासारखे होईल, अशी मला धास्ती होती. अखेर धाकटीलाच सांगितले की ताईंना हवे असेल तर त्यांनी स्वतः यावे.

थोरली आली, तीही दुसऱ्या कामाचे निमित्त काढून. स्रावातले रक्त आणि बाकीचा द्रव यांतला फरक मी समजावून सांगत होते. तिने माझे वाक्य अर्ध्यातच तोडले. “म्हंजे दुधाचं फॅट काढतात तसं ह्याचंबी काढायचं की.” हे शिकवायला मला पंधरा मिनिटे लागली असती. लिटर किती आणि फॅट किती या दोन गोष्टी वेगळ्या असतात, हे दूध संस्थेच्या दारात रोज उभी राहणारी बाई माझ्याआधी जाणत होती.

ती मोजायला तयार झाली, आणि इथे माझी पहिली मोठी चूक झाली. तिच्या डोळ्यांच्या पापण्यांची आतली बाजू फिकी होती, गोठ्यातून घरात येईपर्यंत दम लागतो असे ती सहज बोलून गेली होती, आणि तरीही ‘आधी पाळी मोजू, मग रक्त तपासू’ असा क्रम मी ठरवला. मला आकडा हवा होता. रक्तक्षय शोधायला पाळी मोजावी लागत नाही. बोटभर रक्त पुरते. या क्रमामुळे पाच आठवडे वाया गेले.

मोजणी प्रत्यक्षात कशी झाली

घड्यांचे वजन करून पाहण्याचा बेत पहिल्याच आठवड्यात बारगळला. श्रावणातल्या पावसात सुती कापड कधीच पुरते सुकत नाही, आणि ते इतर कपड्यांच्या खाली लपवून वाळवले जात असल्याने तर नाहीच. त्यामुळे ‘कोरडे’ वजन रोज वेगळे येत होते. एका पाळीपुरते तिला एकाच आकाराचे पॅड दिले आणि जपून वापरू नका, भिजले की बदला, असे बजावले. स्वयंपाकघरातला काटा वापरायला सासूबाईंनी ठाम नकार दिला, आणि त्यांचे म्हणणे मला रास्त वाटले. वेगळा लहान काटा न्हाणीघराच्या कोनाड्यात ठेवला. वापरलेला पॅड लगेच पिशवीत बांधून तोलायचा, कारण उघडा राहिला तर पाणी उडून वजन घटते. पिशवीचे वजन वजा करायचे. आकडे थोरलीने दुधाच्या जुन्या वहीत, तिच्या नेहमीच्या पद्धतीने, सकाळ आणि संध्याकाळ अशा दोन रकान्यांत लिहिले. पुरुषांना फक्त ‘रक्त कमी आहे का ते बघताहेत’ एवढेच ठाऊक होते.

सात दिवसांत २५ पॅड लागले. वजनातला फरक २७३ ग्रॅम भरला. तक्त्यावर ११ पॅड पूर्ण भिजलेले, ८ मध्यम आणि ६ किंचित, म्हणजे गाठी सोडून २६६ गुण. वही पाहताना लक्षात आले की कोरड्या पॅडचे वजन वरचे वेष्टन आणि खालचा चिकटपट्टीचा कागद धरून केले होते, आणि वापरलेल्याचे त्यांच्याशिवाय. नवीन दहा वेष्टने आणि कागद तोलून पाहिले. एका पॅडमागे सरासरी १.८ ग्रॅम. पंचवीस पॅडांचे ४५ ग्रॅम मिळवले तर खरा आकडा ३१८ होतो. तिसरा हिस्सा ते निम्मा भाग रक्त धरले तरी एका पाळीत शंभर ते दीडशे मिलिलिटरहून अधिक रक्त जात होते.

ही चूक निष्कर्ष बदलण्याइतकी मोठी नव्हती, पण धाकटीसारख्या कमी स्रावाच्या बाईत तीच चूक निम्म्याहून अधिक आकडा खाऊन टाकते. वजनाची रीत वापरणाऱ्या कुणीही हे पहिल्याच दिवशी तपासून घ्यावे.

आता रक्त तपासले. हिमोग्लोबिन ९.१, फेरिटिन ६, तांबड्या पेशी लहान आकाराच्या. घरातले निरोगी माप रक्तक्षयाचे निघाले. एक मिलिलिटर सकस रक्ताबरोबर सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह जाते. ४० मिलिलिटरमागे महिन्याला २० मिलिग्रॅम, आणि एवढे आहारातून भरून निघू शकते. तिच्या प्रमाणात भरून निघणे कठीणच. रक्त पातळ झाले की प्रत्येक मिलिलिटरबरोबर जाणारे लोहही घटते, त्यामुळे शरीर खालच्या पायरीवर तग धरून राहते आणि बाई ‘मला कसला त्रास नाही’ असे प्रामाणिकपणे सांगते.

दुसरा निर्णय : तांबी

इतके होईपर्यंत मी तिला एक साधा प्रश्न विचारला नव्हता, कारण ती ‘रुग्ण’ म्हणून आली नव्हती आणि तिचा पूर्ण इतिहास मी कधी घेतलाच नव्हता. धाकट्या मुलाच्या वेळी बसवलेली तांबी (कॉपर-टी हे गर्भनिरोधक साधन) सहा वर्षांपासून आत होती. तांबीमुळे पाळीचा स्राव वाढतो हे तिला कुणी सांगितले असेलही; तिच्या मते तांबी मुलांसाठी असते, तिचा पाळीशी काय संबंध. पहिल्या वर्षी जास्त गेले, मग सवय झाली, आणि सवयीचे नाव ‘मोकळी पाळी’ पडले.

सोनोग्राफीत पिशवी नेहमीच्या आकाराची, गाठ नाही. थायरॉइडची चाचणी ठीक. सोनोग्राफीला ती सहज तयार झाली नाही. सासूबाईंची पिशवी छत्तिसाव्या वर्षी काढली होती, आणि पाळीची तक्रार केली की पिशवीच काढतात, असा तिचा हिशेब होता. इतकी वर्षे ती गप्प का राहिली याचे उत्तर मला तिथे मिळाले.

तांबी लगेच काढायची, की चूक दुरुस्त करून आणखी एक पाळी नीट मोजून मगच काढायची? दुसऱ्या मार्गाने आधी-नंतरची तुलना अधिक भरवशाची झाली असती. ९.१ हिमोग्लोबिनवर तो मोह आवरला. गणपतीनंतर तांबी काढली, लोहाच्या गोळ्या सुरू केल्या, आणि जास्त स्रावाच्या दिवसांपुरत्या ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या दिल्या. गर्भाशयात बसवायचे, संप्रेरक सोडणारे साधन स्राव सर्वांत जास्त घटवते, तेही सुचवले. पण पहिले काही महिने अधूनमधून डाग पडत राहतील म्हटल्यावर तिने नकार दिला. डाग असेपर्यंत देवघरात जायचे नाही हा त्या घरचा शिरस्ता, आणि महिनोन्‌महिने बाहेर राहणे तिला मान्य नव्हते. मूल न होण्यासाठीची सोय पती-पत्नींनी मिळून ठरवली.

तिसरा निर्णय : नवरात्रानंतरची पाळी

तांबी काढल्यानंतरच्या पहिल्या मोजलेल्या पाळीचे वजन २८६ ग्रॅम आले. तांबी हे कारण नव्हतेच की काय, अशी शंका येऊन मी पुढच्या तपासणीसाठी चिठ्ठी लिहायला घेतली होती. तेवढ्यात वहीतल्या तारखांकडे लक्ष गेले : पाळी तब्बल अकरा दिवस उशिरा आली होती, आणि मधले दिवस नवरात्राचे होते. विचारले तेव्हा थोरली म्हणाली, “गोळ्या घेतल्या की. घट बसल्यावर अंबाबाईला जायचं हुतं.” नवरात्रात पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या कोल्हापुरात इतक्या सर्रास घेतल्या जातात की ते औषध आहे असेच कुणाला वाटत नाही. गोळ्या थांबवल्यावर येणारा रक्तस्राव ही नेहमीची पाळी नव्हे. तो जास्तही असू शकतो. ती मोजणी बाद केली आणि चिठ्ठी फाडली. आता स्राव मोजायला सांगताना पाळी ढकलण्याच्या गोळ्यांचा प्रश्न मी सर्वांत आधी विचारते, आणि गणपती, नवरात्र, घरातले लग्न यांची नावे घेऊन विचारते. ‘काही औषध चालू आहे का’ एवढ्यावर उत्तर ‘नाही’ असेच येते.

निष्पत्ती

पुढच्या दोन पाळ्यांत वजन १५२ आणि १३८ ग्रॅम भरले. तक्त्यावर दुसऱ्या पाळीत ८८ गुण. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.४ झाले, फेरिटिन अजून कमीच, म्हणून लोह चालू ठेवले. धाकटीचा काढा बंद झाला, जरी त्याला माझ्या समजावण्यापेक्षा थोरलीचा अहवाल अधिक कारणीभूत ठरला. मूल राहण्याविषयी तिला इतकेच सांगितले की पाळी नियमित येते ही त्यातली जमेची बाजू आहे आणि स्रावाच्या मापावरून ते ठरत नाही. सासूबाईंनी आपले मत जाहीरपणे मागे घेतले नाही. पण कोनाड्यातला काटा त्यांनी हलवू दिला नाही.

आज हेच प्रकरण समोर आले तर

पहिल्या भेटीतच दोघींचे हिमोग्लोबिन आणि फेरिटिन तपासले असते. मोजणी त्यानंतर, आणि ती फक्त शंका उरली तर. सात दिवस पॅड तोलायला लावले नसते. एकूण रक्तापैकी सुमारे ९० टक्के पहिल्या तीन दिवसांत जाते, त्यामुळे निरोगी बाईचा अंदाज घ्यायला तीन दिवसांचे वजन पुरते. तेवढ्यासाठी उरलेले चार दिवस वेठीला धरू नयेत.

८० च्या रेघेविषयी माझे मत या प्रकरणात थोडे बदलले. उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २००७ पासून जास्त पाळीची व्याख्या मिलिलिटरमध्ये न करता बाईच्या शारीरिक, मानसिक आणि सामाजिक आयुष्याला तिचा किती अडथळा होतो यावरून केली आहे, आणि उपचार ठरवताना मी तेच मानत आले. पण थोरलीला अडथळा जाणवतच नव्हता. बाईच्या शब्दावर विश्वास ठेवायचा हे खरे असले, तरी ज्या घरात ‘मोकळी’ हा कौतुकाचा शब्द आहे तिथे रक्ताची साधी तपासणी त्या शब्दाच्या शेजारी ठेवावी लागते. हिमोग्लोबिन १२ च्या वर आणि फेरिटिन ठीक असेल तर मिलिलिटर किती भरतात याची विचारपूस मी आता करत नाही. नसेल तर काटा, कप किंवा तक्ता यांपैकी त्या घरात जे खपेल ते.

माघात थोरली गोळ्या घ्यायला आली तेव्हा तिने दुधाची तीच वही पुढे केली. मागच्या पानांवर नवा रकाना होता. तेरा वर्षांच्या मुलीची पाळी दिवाळीत सुरू झाली होती. तीन तारखा, प्रत्येकीपुढे दिवस, आणि पॅड बदलताना किती भिजला होता त्याच्या लहान रेघा. वजन का नाही केले, म्हणून विचारले. “आत्ताच कशाला,” ती म्हणाली, “आधी रक्त तपासा म्हणाल तुम्ही.”